उद्या याच वेळेपर्यंत

“उद्या याच वेळेपर्यंत,” दुभाषी मिस थांग म्हणाल्या. “काही वाटलं तर मला फोन करा. म्हणजे... नको वाटलं तर.”

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की ब्रिटाला आधी वाटलं, त्या हॉटेलच्या खोलीबद्दलच बोलतायत. खोलीतल्या गालिच्याला ओला वास येतो म्हणून डॅडने कालच कुरकुर केली होती. पण मिस थांगचा हात मॉमच्या मांडीवरच्या मुलाकडे होता, तळवा वर करून, दुकानदार गिऱ्हाइकापुढे कापड धरतो तसा. सरकारी कचेरीच्या त्या हॉलमध्ये गारठा होता. भिंतीवरचं यंत्र थंड हवा ओकत होतं आणि बाहेर चीनमधल्या नानचांगचं जूनमधलं ऊन काचेला चिकटून उभं होतं. त्यांच्यासारखीच आणखी दोन कुटुंबं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. एका बाईच्या कुशीत वर्षाची मुलगी टाहो फोडत होती आणि ती बाई रडत रडत हसत होती. तिचा नवरा दोघींचे फोटो काढत होता. मॉमच्या मांडीवरचा मुलगा मात्र रडत नव्हता. तो कुणाकडेच बघत नव्हता. त्याचं मोठं, जड डोकं जरासं डावीकडे कललं होतं, आणि त्या वजनाने मॉमचाही खांदा कलला होता.

“नको वाटलं तर, म्हणजे?” डॅडने विचारलं.

“आज सही होते ती फक्त मूल सांभाळायला घेतल्याची. दत्तकाची खरी सही उद्या. मधला वेळ तुमचा. सगळ्यांनाच असतो तो.” मिस थांग हसल्या. “मला सांगावं लागतं म्हणून सांगते. कुणी परत बिरत करत नाही हो.”

“बूट घेतले तरी महिनाभराची मुदत देतात,” डॅड म्हणाला.

“वेंडेल!” मॉमने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण तिलाही हसू आलं होतं. डॅड घाबरला की असले विनोद करायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ब्रिटाही हसली. आणि हसता हसताच तिला पाऊल चुकल्यासारखं झालं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि तिथे सपाट जमीन लागावी, तसं. सगळ्यांनाच असतो तो. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. सोळा वर्षांपूर्वी ह्याच शहरात, कदाचित ह्याच हॉलमध्ये, तीही अशीच कुणाच्या तरी मांडीवर बसली असणार, आणि तेव्हाही कुणीतरी असंच, तळवा वर करून, उद्या याच वेळेपर्यंत म्हणालं असणार.

ही गोष्ट तिला तोंडपाठ होती. दरवर्षी एप्रिलमध्ये ती ‘घरी आल्याचा’ दिवस साजरा व्हायचा. मॉम लिंबाचा केक करायची आणि तिन्ही ताटल्यांत केक वाढून झाला की गोष्ट सांगायची. तू अकरा महिन्यांची होतीस. तुझ्या अंगावर एकावर एक असे चार स्वेटर होते. तू माझ्या नाकाला हात लावलास, आणि मला कळलं, हीच. डॅड मध्येच म्हणायचा, आणि मग तू माझ्या शर्टावर ओकलीस, आणि मला कळलं, हीच. लहानपणी ब्रिटा ह्या जागी खदाखदा हसायची. मोठी झाल्यावर नुसतं ‘डॅड, पुरे’ म्हणायची. पण गोष्ट तिथेच संपायची. हीच, आणि मग विमान, आणि मग अमेरिकेतलं डुलूथ, आणि सरोवरावरून येणारा गार वारा, आणि शेजारच्यांनी दाराला बांधलेले फुगे. त्या गोष्टीत दुसरा दिवस नव्हता. एवढी वर्षं ती गोष्ट ऐकून तिच्या कधी मनातच आलं नाही, की हीच असं कळलेलं असतानाही एक आख्खी रात्र हॉटेलात काढावी लागली होती, आणि त्या रात्री कुणीतरी तिच्याकडे पाहत बसलं असेल. काय बघत असतील ते? नाक, बोटं, श्वास?

अनाथाश्रमात मुलाला सांभाळणारी बाई अजून गेली नव्हती. रुंद खांद्यांची, आखूड केसांची, जांभळा सदरा घातलेली ती बाई भिंतीपाशी पिशवी घेऊन उभी होती. ती एकदम पुढे आली, मुलाच्या बुडाखाली हात घालून तिने त्याला जरा सरळ बसवलं आणि मॉमला काहीतरी बजावलं.

“ती म्हणते, ह्याला असा धरा, नाहीतर मान दुखते त्याची,” मिस थांगनी सांगितलं. “त्याला ते नानग्वा म्हणतात. म्हणजे भोपळा. डोक्यामुळे.”

“आम्ही थिओ म्हणणार आहोत,” मॉम म्हणाली.

“छान नाव आहे,” मिस थांग म्हणाल्या.

डोक्यात पाणी साठलं होतं म्हणून तान्हेपणीच त्याचं ऑपरेशन झालं, हे त्यांना माहीत होतं. आता बरा आहे, चालतो, दोन-चार शब्द बोलतो, इतर मुलांत खेळतो, असं त्यांना कळवलं होतं. फोटोत तो एका लाकडी घोड्याला धरून उभा होता. तो फोटो वर्षभर घरी फ्रीजवर लावलेला होता. घोड्याला धरून उभं राहणं आणि घोडा सोडून उभं राहणं ह्यांत किती अंतर असतं ते त्यांना हॉटेलच्या दारात, गाडीतून उतरल्यावर कळलं. डॅडने त्याला खाली ठेवलं आणि त्याचे पाय कापडी बाहुलीसारखे दुमडले. डॅडने लगेच उचललं. “प्रवासाने दमलाय,” तो म्हणाला. “पाच वर्षांचाच तर आहे.” मॉम म्हणाली, “हो, दमलाय.” ब्रिटाही म्हणाली, “दमला असेल.” तिघांनी तीनदा म्हटल्यावर ते जवळजवळ खरं वाटायला लागलं.

हॉटेलातल्या वाढप्याने सवयीप्रमाणे ब्रिटाशीच बोलायला सुरुवात केली. आल्यापासून हेच चाललं होतं. लिफ्टमध्ये, दुकानात, रस्त्यात माणसं मॉम-डॅडना ओलांडून थेट तिच्याशी बोलायची, आणि ती दोन्ही हात हलवून ‘मला येत नाही’ असं दाखवायची, मग त्यांचे चेहरे बदलायचे. काल एक म्हातारी तर चिडलीच होती. मिस थांगनी हसत हसत सांगितलं होतं, “ती म्हणतेय, चार दिवस गोऱ्यांबरोबर काय फिरलीस, लगेच भाषा विसरलीस होय गं!” डॅड खो खो हसला होता. डुलूथला तिला कुणी परकं म्हणत नसे, पण ‘तू मूळची कुठली’ हे विचारल्याशिवाय तिची कुणाशी ओळखही होत नसे. इथे कुणी ते विचारत नव्हतं. इथे तिचा चेहरा सगळीकडे होता, बसच्या खिडक्यांत, भाजीच्या गाड्यांमागे, शाळेच्या गणवेशात. आणि त्या सगळ्या चेहऱ्यांतून ती एखाद्या आंधळ्यासारखी चालत होती. आता ह्या मुलाचा चेहरा तिच्यासमोर होता. ती त्याच्यासमोर वाकली. त्याने पहिल्यांदाच डोळे वर केले, तिच्याकडे पाहिलं, आणि आपलं जड कपाळ तिच्या गळ्याखालच्या हाडावर टेकवलं. तो तसाच राहिला. त्याच्या घशातून बारीक, एकसुरी आवाज येत होता, फ्रीजच्या आवाजासारखा. कपाळ गरम होतं. तिच्या अंगावर काटा आला.

“बघा, तिला ओळखलं त्याने,” मॉम म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं आणि खाली कुठेतरी दुखावलेपणही होतं. कारण त्याने मॉमकडे अजून पाहिलंच नव्हतं.

दुपारी मॉमने बॅगेतून रंगीत पेले काढले, एकात एक बसणारे. घरून निघताना तिने ते किती हौसेने घेतले होते. ती चर्चमधल्या मुलांना गाणं शिकवायची. कुठल्याही मुलाला दहा मिनिटांत हसवीन अशी तिची फुशारकी होती आणि ती खरीही होती. ती गालिच्यावर बसून पेले एकावर एक ठेवत गात होती, पाडत होती, पुन्हा गात होती. मुलगा पेल्यांच्या पलीकडे, भिंत आणि पलंग ह्यांच्यामधल्या फटीकडे बघत होता. मग त्याचा उजवा हात हलायला लागला. आधी मॉमला वाटलं तो ताल धरतोय. “अगं बघ, बघ!” ती आनंदाने ओरडली. पण हात थांबला नाही. बंद दारावर कुणी ठोठावत राहावं तसा तो गालिच्यावर आपटत राहिला, डोळे वर गेले, पांढरे झाले, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबली. मॉमने त्याला कुशीवर केलं. डॅड टेबलाला धडकला. ब्रिटा भिंतीला पाठ लावून उभी होती, तिला हलताच येईना. तिला त्या मुलाची भीती वाटत नव्हती. ती मॉमच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्या चेहऱ्यावर माया होती, घाबरणं होतं, आणि ह्या दोन्हींच्या मागून अगदी सावकाश, पाण्याखालून काही वर यावं तसं काहीतरी तिसरंच वर येत होतं. तिथे नजर गेल्याबरोबर ब्रिटाने मान फिरवली. नको त्या वेळी कुणाच्या खोलीचं दार उघडल्यासारखं तिला झालं.

मिस थांग आल्या तेव्हा सगळं शांत झालं होतं, मुलगा झोपला होता. त्यांनी अनाथाश्रमात फोन लावला, बराच वेळ मान डोलावत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “कधीकधी होतं त्याला असं.”

“कधीकधी?” डॅड म्हणाला. “म्हणजे त्यांना माहीत होतं?”

“ते म्हणतात, उन्हाळ्यात जास्त होतं.”

“आम्हाला का नाही कळवलं?”

मिस थांगनी फोन पर्समध्ये ठेवला. त्यांना ह्या कामात बरीच वर्षं झाली असणार. कुठलं वाक्य भाषांतर करायचं आणि कुठलं ऐकलंच नाही असं दाखवायचं, हे त्यांना पक्कं कळत होतं. त्या म्हणाल्या, “मिस्टर लुंडीन, चूक कुणाची हे शोधायला वर्षं लागतील. तुमच्याकडे उद्या दुपारपर्यंत वेळ आहे.”

मग मॉम आणि डॅड फोन घेऊन बाथरूममध्ये गेले, मुलगा जागा होऊ नये म्हणून. तिकडे अमेरिकेत मध्यरात्र उलटून गेली होती, पण ओळखीच्या डॉक्टरांना डॅडने उठवलं. बाथरूमचा पंखा घरघरत होता. दाराखालच्या फटीतून उजेडाची पट्टी आणि शब्दांचे तुकडे बाहेर येत होते. ब्रिटा पलंगाच्या कडेला बसून ते तुकडे ऐकत होती. ऐकायचं नाही असं ठरवत होती आणि ऐकत होती. पुन्हा ऑपरेशन. एक नाही, कितीतरी. बोलेल ह्याची खात्री नाही. आयुष्यभर. फोन संपला आणि मग त्या दोघांचेच आवाज उरले.

“आपण दोघं साठीला आलोय, मार्गिट.”

“म्हणून काय मी त्याला टाकून देऊ?”

“टाकून नाही. मी असं म्हटलं का?”

“मग काय म्हणतोस?”

“मी म्हणतोय, आपल्यानंतर कोण? ब्रिटा. तिच्या गळ्यात पडणार सगळं. तिचं कॉलेज, तिचं लग्न, तिचं सगळं. तिला विचारलंय का आपण?”

मग मॉमचं रडणं, टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडतात तसं.

ब्रिटाने मुलाकडे पाहिलं. तो पालथा झोपला होता, गाल दबून ओठ पुढे आले होते. डोक्याच्या मागे, कानाच्या वर, जुन्या टाक्यांची वेडीवाकडी रेघ होती आणि तिथे केस उगवले नव्हते. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. त्वचा तिथे गुळगुळीत, पातळ होती. तिला एक मागचा दिवस आठवला. सात-आठ वर्षांची असेल. शाळेतून चष्मा लावायला सांगितला होता आणि गाडीत मागे बसून ती भीतभीत म्हणाली होती, “सॉरी.” मॉमने आरशातून बघत विचारलं होतं, “सॉरी कशाबद्दल गं वेडे?” तिला सांगता आलं नव्हतं. तेव्हा तिला स्वतःलाही ते कळलं नव्हतं. दात वेडेवाकडे आले तेव्हाही तिला तसंच वाटलं होतं, गणितात नापास झाली तेव्हाही, शेंगदाण्याने अंगावर गांधी उठल्या तेव्हाही. त्यांना सांगितलं होतं तशा आपण निघालो नाही, आतून काहीतरी निघालं, असं. वर्गातल्या बाकीच्या मुलींना गणितात नापास झाल्यावर फक्त नापास झाल्यासारखं वाटत असेल, हे तिला आत्ता, ह्या पलंगावर बसल्या बसल्या सुचलं.

बाथरूमचं दार उघडलं. डॅड बाहेर आला आणि तिच्याशेजारी पलंगावर बसला. गादी त्याच्या बाजूला खचली. तो बंदरावर जहाजं तपासायचं काम करायचा. कुठल्या जहाजाला आत घ्यायचं, कुठल्याला बाहेरच थोपवायचं, हे ठरवण्यात त्याची हयात गेली होती, आणि त्याचा शब्द शेवटचा असायचा. आता त्याचे हात गुडघ्यांवर उलटे पडले होते.

“सगळं ऐकलंस?”

“थोडंसं.”

“तुला काय वाटतं?” त्याने विचारलं. “खरं सांग. तुझं मत महत्त्वाचं आहे.”

तो मनापासून विचारत होता. तिला ते कळत होतं. तिला म्हणायचं होतं, ठेवू या त्याला. म्हणायचं होतं, मी करीन त्याचं, मला चालेल, माझ्या गळ्यात पडू दे. पण ते शब्द ओठांशी आले तेव्हा तिला दिसलं, की ते म्हटल्यावर डॅड तिच्याकडे वळून बघेल. आणि त्या बघण्यात, किंचित का होईना, मोजमाप असेल. ही पण अवघडच निघाली, असं. हे खरं नव्हतं. डॅड असा नव्हता. त्याने तिला बर्फावर चालायला शिकवलं होतं, तिला कांजिण्या झाल्या तेव्हा सबंध रात्र वर्तमानपत्राने वारा घातला होता. पण आज सकाळपर्यंत तर ते कुणीच तसे नव्हते. तिने झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून नजर काढली.

“तुम्ही ठरवाल तसं,” ती म्हणाली.

डॅडने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “समजूतदार आहेस,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज सुटल्यासारखा हलका झाला.

सकाळी नाश्त्याला ती मुलाला मांडीवर घेऊन बसली. मॉम खाली आलीच नाही. ब्रिटाने मऊसूत वाफवलेल्या अंड्याची वाटी आणली आणि चमच्याने त्याला भरवायला लागली. तो चांगला खात होता. प्रत्येक घासाला तोंड आधीच उघडून थांबायचा, पिल्लासारखा. वाढपी मुलगी येऊन उभी राहिली, त्याचा गाल ओढून काहीतरी म्हणाली आणि हसली. ब्रिटाने हात हलवले नाहीत, येत नाही असं दाखवलं नाही. नुसती मान डोलावली. ती वाढपी मुलगी आणखी थोडं बोलली, ब्रिटाने आणखी थोडी मान डोलावली. बहुतेक विचारत असेल, तुझा भाऊ का. मुलाने खाणं थांबवून पुन्हा आपलं कपाळ तिच्या गळ्याखाली टेकवलं आणि तो आवाज सुरू केला. ती त्या आवाजात आपला आवाज मिसळत, ओठ मिटून, हळूच गुणगुणली. तो थांबला. तीही थांबली. त्याने पुन्हा सुरू केलं. ती पुन्हा गुणगुणली. मग तो थांबायचा ते तिने सुरू करावं म्हणून थांबायला लागला. इतर मुलांत खेळतो, असं कळवलं होतं. खोटं नव्हतं ते. तिने घाईघाईने लिफ्टकडे पाहिलं. आत्ता मॉमने यावं, हे बघावं. लिफ्टचं दार उघडलं, सुटातले दोन पुरुष बाहेर आले. पुन्हा उघडलं, रिकामी होती. डॅड आला तेव्हा त्याच्या हातात मुलाची पिशवी होती, नीट भरलेली. पेलेसुद्धा घातले होते.

“डॅड, हा खेळतो,” ती म्हणाली. “आत्ता खेळला माझ्याशी.”

“हो का?” डॅड म्हणाला. त्याने डोळे चोळले. “गोडच आहे गं तो. तो गोड नाही असं कोण म्हणतंय?” आणि त्याने मुलाला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं.

हॉलमध्ये आज दुसरी कुटुंबं होती, दुसरी रडणारी मुलं. कालची ती रडत हसणारी बाईही खऱ्या सहीसाठी आली होती. तिची मुलगी आता तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती. ती मॉमकडे बघून ओळखीचं हसली आणि मग डॅडच्या हातातली भरलेली पिशवी पाहून ते हसू कुठे ठेवावं हे तिला कळेना. जांभळ्या सदऱ्याची बाई आज हिरवा सदरा घालून आली होती. मॉमने मुलाला छातीशी धरलं होतं. ती त्याच्या कानात काहीतरी सांगत होती, इंग्रजीत, भराभर, पुन्हा पुन्हा माफी मागत होती. तो नेहमीसारखा भलतीकडेच बघत होता. मग त्याने त्या बाईला पाहिलं. त्याचं सबंध अंग ताठ झालं, हात पुढे आले आणि त्याच्या तोंडातून मोठ्ठं, खणखणीत हसू फुटलं. त्याला हसता येतं हे त्यांना कुणालाच माहीत नव्हतं. त्या बाईने त्याला खस्सकन ओढून घेतलं, पाठीवर टाकलं, बुडावर एक चापट मारली.

“आलास का रे परत, भोपळ्या?” मिस थांगनी सवयीने भाषांतर केलं आणि मग त्या ओशाळल्या. “ती त्याची थट्टा करतेय. म्हणतेय, तिकडे जेवायला देत नव्हते का?”

मॉम खुर्चीत बसली. खरं तर कोसळलीच. ती बाई तिच्याकडे बघत नव्हती. रागावली आहे असंही वाटत नव्हतं. कुणी छत्री विसरून जावं आणि आपण ती उचलून ठेवावी, तसा तिचा चेहरा होता. जाता जाता मात्र ती ब्रिटासमोर थांबली, तिच्या हनुवटीला हात लावून चेहरा वर केला, नीट न्याहाळला आणि मिस थांगना काहीतरी विचारलं. मिस थांगनी उत्तर दिलं. बाई पुन्हा बोलली.

“काय म्हणतायत त्या?” ब्रिटाने विचारलं.

“काही नाही. तू कुठली ते विचारलं. मी म्हटलं, इथलीच.”

“आणि मग?”

मिस थांगनी पर्सचा पट्टा सारखा केला. “मग म्हणाली, ही बरी टिकली.”

दाराबाहेर जाताना त्या हिरव्या पाठीवर मुलाचं मोठं डोकं डुलत होतं. ते मागे वळलं नाही. का वळावं?

परतीचं विमान आधीच ठरलेलं होतं, तारीख बदलेना. उरलेले दिवस त्यांनी खोलीत काढले. डॅड फोनवर कुणाकुणाला कळवत राहिला. प्रत्येक वेळी त्याच शब्दांत, आणि दर वेळी ते शब्द जास्त गुळगुळीत होत गेले. एका दुपारी तो खाली गेला असताना मॉम पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ब्रिटा तिच्या पाठीमागे जाऊन आडवी झाली, लहानपणी वीज कडाडली की व्हायची तशी. मॉमच्या पाठीची ऊब कपड्यांतून येत होती. साबणाचा तोच वास होता, घरचा. पडद्याच्या फटीतून एक उन्हाची चीर छतावर पडली होती आणि रस्त्यावरून गाडी गेली की थरथरत होती.

“मॉम, माझ्या वेळीही होता ना असा एक दिवस?”

पाठ हलली नाही. “कसला दिवस?”

“मधला.”

मॉम भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली, “होता. सगळ्यांनाच असतो.”

“काय केलंत तुम्ही तेव्हा?”

“काय करणार? तुला ताप होता. रात्रभर तुला खांद्यावर घेऊन फिरत होतो आळीपाळीने.” ती किंचित हसल्यासारखी झाली. “सकाळी उतरला.”

ताप गोष्टीत नव्हता. स्वेटर होते, नाक होतं, ओकारी होती, पण ताप नव्हता. ब्रिटाने श्वास सोडला आणि तो मॉमच्या मानेवरच्या बारीक केसांत शिरताना पाहिला.

“उतरला नसता तर?”

मॉम वळली. तिचे डोळे सुजलेले होते, चेहऱ्यावर उशीची घडी उमटली होती. तिने ब्रिटाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “असं विचारू नकोस गं,” ती म्हणाली. “असं कसं विचारतेस मला? तू माझी मुलगी आहेस.” आणि तिने तिला घट्ट छातीशी ओढलं. ते खरं होतं; त्या मिठीत काहीही खोटं नव्हतं. पण ब्रिटा उत्तराची वाट बघत राहिली. मॉमचं हृदय तिच्या कानाशी धडधडत होतं. ‘तरीही’ एवढा एकच शब्द पुरला असता. मॉमला खोटं बोलता यायचं नाही; सबंध गावात ती त्याबद्दल प्रसिद्ध होती. छतावरची उन्हाची चीर बारीक होत होत गेली. मॉम झोपली. तिचा हात ब्रिटाच्या पाठीवर जड होऊन पडला, आणि तो उचलून बाजूला ठेवला तर ती जागी होईल म्हणून ब्रिटा तशीच, न हलता पडून राहिली.

डुलूथला लोक फार चांगले वागले. चर्चमधल्या बायकांनी आठवडाभर जेवण पाठवलं, मयत झाल्यावर पाठवतात तसं. थिओची खोली म्हणून रंगवलेली खोली पुन्हा शिवणाची झाली, पण मॉम त्या खोलीत शिवायला बसत नसे. ती गाणं शिकवायला जायची, येताना गाडी दारात लावून बराच वेळ आतच बसून राहायची. डॅडने विनोद करणं सोडलं. मुलाचं नाव कुणी काढत नसे. कुठलं नाव काढायचं हाही प्रश्नच होता. आणि ब्रिटा, सगळे म्हणत, ब्रिटा किती सावरून घेतेय त्यांना. गणितात तिला पैकीच्या पैकी पडायला लागले. ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची, भांडी लावायची, दारातलं बर्फ लोटायची. रात्री जेवताना दिवसभरातलं एखादं हसण्यासारखं काही सांगायची; काही घडलं नसेल तर रचून सांगायची. सर्दी झाली तर ती गॅरेजमध्ये जाऊन खोकून यायची. ह्यात तिला फारसे कष्टही वाटत नव्हते. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं, कुणी कधी सांगणारही नव्हतं, आणि म्हणूनच ते थांबवायचं कुणापाशी जाऊन, ते कळत नव्हतं.

जानेवारीत, सरोवर गोठून पांढरं झालं होतं तेव्हा, शाळेच्या बसमधून उतरून घराकडे येताना ती घसरली. उजवा हात खाली आला आणि मनगटात सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. ती बर्फावर बसून राहिली. डोळ्यांसमोर हिरवं-काळं होत होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत मॉमची पाठ दिसत होती, चुलीपाशी वाकलेली. आज ती बऱ्याच दिवसांनी काहीतरी गात होती, ओठ हलताना दिसत होते. ब्रिटाने डाव्या हाताने बर्फ झाडलं, उभी राहिली, उजवा हात अलगद कोटाच्या खिशात सरकवला. दारात बूट काढायला फार वेळ लागला.

“आलीस?” मॉम वळून म्हणाली. वाफेने तिचे गाल लाल झाले होते. “डॅड येतोच आहे. टेबल मांडतेस का जरा?”

“मांडते.”

“अगं, कोट काढ की!”

“थंडी वाजतेय. राहू दे थोडा वेळ.”

“पांढरी पडलीस अगदी. बरं वाटतंय ना?”

“मस्त वाटतंय,” ब्रिटा म्हणाली. “आज काय मजा झाली माहितीये वर्गात?” आणि ती सांगू लागली. मनगट खिशात फुगत चाललं होतं, अस्तराला भिडत होतं, आणि प्रत्येक ठोक्याला दुखणं दंडापर्यंत चढत होतं. ती सांगत राहिली. गोष्ट तिने सांगता सांगताच रचली, आणि ती चांगली जमली. मॉम हसली, मान मागे टाकून, पूर्वी हसायची तशी. मग ती पदार्थ ढवळायचं सोडून आली, ब्रिटाच्या बर्फाळ केसांवर ओठ टेकवले आणि म्हणाली, “तुझा कसला म्हणून कधी त्रास नाही गं मला.”

ब्रिटाने डाव्या हाताने खण उघडला आणि एकेक करून चमचे काढायला लागली.